मेव्हणीच्या लग्नाचा बॅकअप

चहा घेता घेता ऐका. कॉम्प्युटरमधलं आपल्याला कळतं, असं ज्याला वाटतं त्याची किती शोभा होऊ शकते, ते मी स्वतः करून दाखवलेलं आहे.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. माझी मेव्हणी मीना हिचं लग्न होतं. सासरे मखमलाबादचे, गुलाब आणि शेवंतीची शेती. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांनी गावातला फोटोग्राफर ठरवत आणला होता. मी काय केलं असेल?

"अण्णा, फोटोग्राफर कशाला? माझ्याकडे डिजिटल कॅमेरा आहे!"

मोठा जावई बोलला म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? हळद, लग्न, सत्यनारायण, मी सुटलोच. चारशे फोटो काढले. आणि खरं सांगतो, बरे आले होते. पाठवणीच्या वेळी अण्णांनी मीनाच्या डोक्यावर हात ठेवला, तो फोटो तर असा आला होता की अण्णा म्हणाले, "पाहुणे, हा मोठा करून द्या. फ्रेम करू."

देतो म्हणालो. लगेच दिला का? छे!

सगळे फोटो घरच्या कॉम्प्युटरवर टाकले. पुढे सहा महिन्यांनी मी नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं. जुना निफाडच्या बाळासाहेबांना द्यायचा होता. बाळासाहेब म्हणजे बायकोचे चुलतभाऊ, द्राक्षबागायतदार. त्यांच्या मुलींना शिकायला कॉम्प्युटर हवा होता.

पण द्यायच्या आधी बॅकअप घ्यायला पाहिजे की नाही? मी अडाणी थोडाच आहे! तीन कोऱ्या सीड्या आणल्या. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हळद, लग्न आणि पूजा अशी तीन फोल्डरं दिसायची. एकेक उचललं, एकेका सीडीवर टाकलं.

बायको बाजूला भाजी निवडत बसली होती. "अहो, चारशे फोटो एवढ्यात झाले?"

"अगं, ड्राइव्ह फास्ट आहे."

तरी मी बेसावध नाही राहिलो. प्रत्येक सीडी परत घातली, उघडली, फोटो बघितले. सगळे व्यवस्थित! मग सीड्यांवर मार्करनं नावं लिहिली, कपाटात ठेवल्या आणि बाळासाहेबांना सांगितलं, "न्या बिनधास्त. आतलं सगळं पुसून टाका. माझ्याकडे बॅकअप आहे."

हे वाक्य मी त्यांना तीनदा सांगितलं होतं. तीनदा!

दिवाळीला मीना मालेगावहून माहेरी आली. नवरा, सासू, नणंद, सगळे. एके दिवशी अण्णांसकट सगळे आमच्याकडे आले. सगळी मंडळी आमच्या हॉलमध्ये नव्या कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीनं बसली. मी ऐटीत सीडी घातली. 'लग्न' वर क्लिक केलं.

स्क्रीनवर एक टॉर्च आली. ती टॉर्च इकडून तिकडे फिरत काहीतरी शोधायला लागली. शोधतेय, शोधतेय. शेवटी इंग्रजीत लिहून आलं की वस्तू सापडत नाही.

"होईल, नवीन आहे ना," मी म्हणालो.

हळदीची सीडी, तेच. पूजेची, तेच. पुसून घातली, फुंकर मारून घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मीनाच्या सासूबाई चकली खात शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे अल्बम असतो."

मीनाचा चेहरा उतरला. अण्णा उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला तर जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज रोडवरच्या दुकानात थडकलो. नवा कॉम्प्युटर तिथनंच घेतला होता. मालक महाजन, अत्यंत सभ्य माणूस.

"तुमचा ड्राइव्ह खराब आहे!"

बिचाऱ्यांनी निमूटपणे ड्राइव्ह बदलून दिला. घरी आणून लावला. टॉर्च हजर!

परत दुकानात. गिऱ्हाइकांसमोर आवाज चढवला. महाजन म्हणाले, "साहेब, ड्राइव्ह चांगला आहे. एकदा ज्या कॉम्प्युटरवर सीडी केली, त्याच्यावर लावून बघा ना."

तसाच स्कूटरनं निफाड गाठलं. बाळासाहेबांच्या घरात बैठकीच्या खोलीतच तो जुना कॉम्प्युटर, वर प्लॅस्टिकचं कव्हर. सीडी घातली, क्लिक केलं, आणि काय सांगू! फोटो धडाधड समोर! मीना, मुंडावळ्या, अक्षता, सगळं!

अंगात बारा हत्तींचं बळ आलं. तिथल्याच फोनवरून महाजनांना लावला.

"महाजन! इथे उघडतेय! म्हणजे बिघाड तुमच्याच मशीनमध्ये! नवीन कॉम्प्युटर पाहिजे मला, पूर्ण नवीन!"

महाजन म्हणाले, "साहेब, फोटो समोर दिसतायत?"

"दिसतायत!"

"ते तसेच राहू द्या. सीडी बाहेर काढा."

काढली.

"आता पुढचा फोटो उघडा बरं."

उघडला. उघडला की हो! त्याच्या पुढचाही उघडला. सीडी माझ्या डाव्या हातात आणि स्क्रीनवर मीना सप्तपदी चालतेय!

"साहेब, तुम्ही जी फोल्डरं सीडीवर टाकली, त्यांच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता का?"

"होता की." मला तर तो बाण म्हणजे 'माल सीडीत गेला' अशी खूण वाटली होती.

"तो शॉर्टकट असतो. फोटो आत दुसरीकडे असतात, स्क्रीनवर फक्त त्यांचा पत्ता. तुम्ही सीडीवर पत्ता लिहिलाय. त्या कॉम्प्युटरवर पत्त्यावर घर आहे, म्हणून उघडतं."

"म्हणजे खरे फोटो..."

"तुमच्यासमोर आहेत त्या मशीनमध्येच. दुसरीकडे कुठे नाहीत. त्यातलं काही पुसू नका म्हणजे झालं."

फोन ठेवला आणि वळलो. बाळासाहेब चहाचा कप घेऊन उभे.

"दाजी, ते पुसायचं म्हनाला व्हता ना तुम्ही? लय दिवस ऱ्हायलंच बघा. छाटणीचे दिवस, मानूसच सापडंना. उद्या पिंपळगावचा एक जण येनार हाय, पुसून देतो म्हनला समदं."

मी त्यांचा हातच धरला. "बाळासाहेब, त्याला येऊ देऊ नका! कुणालाही हात लावू देऊ नका!"

"का वो? तुमच्याकडं हाय ना ते बॅकअप?"

मी त्यांच्या हातातला कप घेतला आणि चहा प्यायलो.

त्याच दुपारी महाजन स्वतः निफाडला आले. ज्या माणसावर मी दोनदा ओरडलो, तो पदरचं पेट्रोल जाळून आला! त्यांनी खरे फोटो सीड्यांवर उतरवले, दोन-दोन प्रती केल्या आणि माझ्याकडे बघून हसलेही नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पाठवणीचा फोटो मोठा करून, फ्रेम करून अण्णांना दिला. अण्णांनी तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि बराच वेळ धरून बसले. मीना रडली. तिच्या सासूबाईंनी दुसरी चकली घेतली. एकूण सगळं गोड झालं.

आता तुम्हाला वाटेल, सुटलो. मलाही तसंच वाटलं होतं. झोपाळ्यावर निवांत बसलो होतो, आणि एकदम आठवलं. दिवाळीच्या आधी मी ऑफिसातल्या आमच्या साहेबांच्या घरी जाऊन, त्यांच्या मुलाच्या मुंजीचे सगळे फोटो मोठ्या उत्साहानं सीडीवर घेऊन दिले होते. अगदी त्याच पद्धतीनं!

धावत जाऊन फोन लावला.

"अरे वा, शिंदे!" साहेब खुशीत होते. "शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. आज सकाळीच कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतला, आतलं सगळं साफ. तुझ्या सीड्या घातल्यात, पण ही टॉर्च मघापासून काय शोधतेय रे?"