दोन ओंजळी पाला, एक ओंजळ पीठ

औंधच्या एसटी स्टँडवर आई खिडकीखाली उभी होती आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ नुकता कुठं सरत आला होता. माझं लग्न होऊन, मांडवपरतणी करून नवरा मला आष्ट्याला न्यायला आला होता. दादानं माझी पत्र्याची ट्रंक टपावर चढवली, खाली उतरून हात झाडले आणि यमाईच्या डोंगराकडं तोंड करून उभा राहिला. माझ्याकडं बघितलं असतं तर रडला असता, म्हणून. आई मात्र खिडकीचा गज धरून एवढंच म्हणाली, "पाण्याच्या गावाला चाललीयास. पोटभर भात खा. पाला इसर आता."

वहिनी, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, दादाला साखर निघाली, डॉक्टरांनी भात-बटाटा बंद केला, भाकरी अर्धी केली, आता रात्रीला रांधू तरी काय? फोनवर सांगण्याजोगं ते नव्हतं. तुम्हीही माझ्यासारख्याच दुसऱ्या गावातून येऊन त्या घरच्या झालात. पण तुम्ही आलात तेव्हा तिथं विहिरीला पाणी लागलं होतं. त्याच्या आधी आई काय रांधायची हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि दादा ते कधी सांगायचा नाही. म्हणून लिहिते आहे.

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या दारात एकच गोष्ट हिरवी होती, शेवगा. आई त्याचा पाला ओरबाडायची, बारीक चिरायची. दोन ओंजळी पाला आणि एक ओंजळ ज्वारीचं पीठ, त्यात लसूण-मिरचीचा ठेचा. पिठापेक्षा पाला जास्त, त्यामुळं भाकरी हातावर फिरायची नाही. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर पालथी घालायची. बरोबर शिजवलेले हुलगे, नाहीतर ताकाचं नुसतं निवळ पाणी. दादा ताट सरकवायचा, म्हणायचा, "आमी काय शेरडं हाय का?" आई काही बोलायची नाही. त्याचं ताट परत पुढं ओढून ठेवायची.

कऱ्हाडला गाडी बदलली आणि पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊसच ऊस. मी नवऱ्याला विचारलं, एवढा कुणाचा? तो हसला. आष्ट्याला आमच्या घरात पहिल्याच रात्री सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, माझ्या ताटात भाताची मूद घातली, त्यावर तूप घातलं आणि मी मूद संपवायच्या आत दुसरी घातली. मला लाज सोडून सांगायला हवं, मला तो भात फार आवडला. सहा महिन्यांत माझ्या बांगड्या हातात रुतायला लागल्या. माहेरी पत्र लिहिताना मी पहिल्या ओळीत लिहायची, रोज दोन्ही वेळेला भात. आईला वाचता येत नव्हतं, दादा वाचून दाखवायचा.

सासरे, मामंजी, पलटणीतून सुभेदार होऊन परत आलेले. माझे वडील त्यांच्याच पलटणीत साधे शिपाई. वडील लवकर गेले, पण मामंजींनी दोस्ताची मुलगी करून घ्यायचा शब्द पाळला. आत्याबाईंना तो शब्द पसंत नव्हता. दुष्काळी गावची म्हणून त्या मला टोचून बोलायच्या असं नाही, पण पाहुण्यांत माझ्या गावाचं नाव निघालं की विषय बदलायच्या.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. तोडलेल्या उसाच्या खोडक्यात मामंजींचा पाय पडला, उजव्या अंगठ्याला जखम झाली. सैनिक गडी, हळद दाबली आणि विसरले. महिना गेला, दोन गेले, जखम काही भरेना, उलट काळी पडायला लागली. नवरा त्यांना सांगलीला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेह आहे आणि तो बरीच वर्षं अंगात मुरलाय. गोळ्या दिल्या आणि साखर, तांदूळ, बटाटा बंद केला. भाकरी अर्धी, पालेभाजी आणि कडधान्य पोटाला लागेल तेवढं. दोन महिन्यांत साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावर थांबेल याची खात्री नाही. सोबत एक काचेची नळी आणि निळ्या औषधाची बाटली दिली. रोज नळीत ते औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, विटकरी झालं तर वाईट. आमची नळी पहिल्या दिवशी पक्क्या विटेसारखी झाली.

आत्याबाईंनी त्या संध्याकाळी मामंजींना अर्धी भाकरी आणि मेथीची भाजी वाढली. शेजारी नवरा आणि धाकटे दीर, त्यांच्या ताटात भाताचे डोंगर. मामंजींनी सगळ्यांच्या ताटांवरून नजर फिरवली आणि हात आखडला. "एका पंगतीत दोन ताटं? मी काय आजारी ढोर हाय, येगळं बांधायला?" पंक्तिप्रपंच म्हणजे त्या घरात शिवीच. गड्यांनासुद्धा मालकाच्या ताटातलंच मिळायचं, तो मामंजींचाच नियम. ते म्हणाले, "समद्यांचं तेच माझं," आणि पातेलं ओढून स्वतःच्या हातानं भात घेतला. कुणाची बिशाद होती बोलायची? चार दिवस हेच चाललं. नळी विटकरी ती विटकरीच.

पाचव्या दिवशी मी आत्याबाईंना म्हटलं, "एकच ताट पायजे ना? मग रातच्याला समद्यांचंच बदलू."

त्या म्हणाल्या, "काय घालशील?"

मी उसाच्या बांधावर गेले. खुरपणाऱ्या बाया तांदुळजा आणि घोळ तण म्हणून उपटून ढीग लावत होत्या. तो ढीग मी टोपलीत भरला. परत येताना गल्लीत दोघीतिघींनी बघितलं. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "सुभेदाराची सून बांधावरनं पाला खुडतीया. लोकं म्हणतील, घरात दाणा न्हाई." खरं सांगते, मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जे मागं टाकून आले, तेच डोक्यावर घेऊन घरात शिरत होते.

मग हळूहळू बसत गेलं. भाकरीत आईचंच माप, फक्त आता पीठ अर्धं ज्वारीचं, अर्धं हरभऱ्याचं. त्यानं भाकरी तुटायची थांबली आणि गोडीही आली. माणशी एक, मोजून; पाला जास्त, म्हणून पीठ अर्ध्या भाकरीएवढंच. रश्श्यात बटाट्याच्या जागी दोडका नाहीतर दुधी, दाटपणाला तिळाचं कूट. पहिल्या भाताच्या जागी मोडाची मटकी, मूठभर नाही, वाटी भरून. वाटीवर ओलं खोबरं पेरलं की पोरंटोरंसुद्धा कुरकुरत नाहीत. मटणाच्या दिवशी रस्सा तोच, भात नाही, शेजारी मुळा आणि काकडीचे मोठे काप. अडचण फक्त ताकभाताची होती. आमच्याकडं शेवटी ताकभात झाल्याशिवाय जेवण झालं असं कुणी मानत नाही. धाकटे दीर पहिल्या रात्री हात न धुता बसून राहिले, म्हणाले, "वैनी, हे झालं. आता जेवायला वाढा." दुसऱ्या दिवशी मी कोबी तांदळाएवढा बारीक चिरून वाफवला, त्यावर ताक आणि जिऱ्याची फोडणी घातली. मामंजींनी एक घास घेतला, थांबले. "ह्यो तांदूळ कुठल्या गावचा?" मी पदराआडून म्हटलं, "सांगलीच्या मंडईतला." त्यांना कळलं होतं. पण पंगतीत सगळ्यांच्या ताटात तोच होता, मग बोलणार काय?

पंधरा दिवस असं रांधलं आणि नळी तरी विटकरी. मला रडू यायचं. नवरा म्हणायला लागला, तुझ्या पाल्यानं काही होत नाही. मग एका सकाळी मी आमच्या गुऱ्हाळावर न्याहारी घेऊन गेले तर मामंजी रसाच्या काहिलीशेजारी बसून वाटीनं काकवी पीत होते. मला बघून जराही दचकले नाहीत. "डॉक्टर साखर म्हणला. ही साखर न्हवं पोरी, ही आपल्या शेतातली हाय." चोरून नव्हे हो, अगदी प्रामाणिकपणे पीत होते. चहातली साखर ज्या दिवशी बंद झाली त्या दिवसापासून ते सकाळी काकवी आणि दुपारी गुळाचा खडा घेत होते. घरचा गूळ अपाय करेल हे त्या गावात कुणालाच पटलं नसतं.

सासऱ्यांशी वाद घालायची आमची रीत नव्हती. मी घरी आले, नळीत निळं औषध घेतलं, त्यात काकवीचा एक थेंब टाकला. ते घरी आल्यावर त्यांच्यासमोर दिव्यावर तापवलं. निळं गेलं, हिरवं गेलं, पिवळं गेलं आणि लालभडक वीट झाली. मामंजींनी नळी स्वतःच्या हातात घेऊन दिव्यासमोर धरली. मग म्हणाले, "रिपोर्ट खोटा न्हाई." त्या दिवसापासून काकवी बंद. काहिलीशेजारी बसणंही बंद, वास सहन व्हायचा नाही म्हणून.

तीन आठवड्यांनी नळी हिरवी झाली. दीड महिन्यानं निळी. जखमेला कडेनं लाली आली आणि ती आत सरकत गेली. अंगठा राहिला. गोळ्याही चालू होत्या, उगाच सगळं श्रेय मी माझ्या चुलीला घेत नाही, आणि वहिनी, तुम्हीही दादाच्या गोळ्या थांबवू नका. पण आत्याबाई तेव्हापासून स्वतः टोपली घेऊन बांधावर जायला लागल्या आणि विचारलं कुणी तर सांगायच्या, "सूनबाईच्या म्हायारची भाजी हाय."

पुढच्या वर्षी माझ्या थोरलीच्या जावळासाठी आई आष्ट्याला आली. लेकीला मूल झाल्याखेरीज लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून तोवर कधी आली नव्हती. संध्याकाळी पानं वाढली. आईनं आपल्या ताटाकडं बघितलं, मग माझ्या. पाल्याची भाकरी, हुलग्याची उसळ, ताक. भात नव्हता. तिचा हात भाकरीवरच थांबला. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल. ती उठली, परसात गेली. मी मागोमाग गेले तर पदर तोंडात कोंबून रडत होती. स्टँडवर जी रडली नव्हती, ती.

"एवढ्या उसात दिली तुला," ती म्हणाली. "आन हितंबी पालाच खातीयास? उपाशी ठिवत्यात व्हय गं? पत्रात खोटं लिवत हुतीस?"

मी सांगायला लागले, डॉक्टर, साखर, नळी. तिला त्यातलं काही खरं वाटेना. सासरी हाल होणाऱ्या पोरी अशाच काहीबाही सांगतात, हे तिला माहीत होतं. आमचा आवाज ऐकून मामंजी परसात आले. व्याह्यासमोर आईनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. मामंजींनी पायताण काढलं आणि उजवा पाय दगडावर ठेवला.

"इहीणबाई, हिकडं बघा. ह्यो अंगठा सांगलीचा डॉक्टर काढणार हुता. तुमच्या चुलीवरचं खाऊन राहिला. माझ्या घरात आज समदी तुमचं जेवत्यात. बसा आता पानावर."

आई पानावर बसली आणि जेवली.

जावळ झाल्यावर मी तिला आष्ट्याच्या स्टँडवर पोचवायला गेले. या खेपेला ती आत, मी खिडकीखाली. गाडी सुटायच्या आधी ती म्हणाली, "त्या सालात तुमाला पाला घातला. तवापासनं माझ्या मनाला लागून हाय, लेकरास्नी उपाशी ठिवलं म्हणून. मला वाटायचं, तुमी मोठी झाल्यावर हेच म्हणशीला." तिनं खिडकीचा गज धरला. "म्या जेवायला घातलं हुतं, व्हय गं?"

मी व्हय म्हटलं.

महिन्याभरानं तिनं दादाबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळून शेवग्याची एक फांदी पाठवली. आमच्या परसात लावली, लगेच धरली.

आई जाऊनही आता खूप वर्षं झाली. तुमच्याकडं स्लॅबचं घर झालं तेव्हा दारातला शेवगा तोडला, हे मी मागं बघून गेले. तुमच्याकडं आता पाणी आहे, ऊस आहे, दोन्ही वेळेला भात आहे आणि साखरही आली. मी आष्ट्यात उभं आयुष्य काढलं. कुणी विचारलं तर मी आष्ट्याचीच म्हणते आणि त्यात खोटं काही नाही. पण माझं घर कुठलं असं मला एकटीला विचारलं तर मला गाव आठवत नाही, स्टँड आठवत नाही. ओलं फडकं आणि त्यावर थापणारे आईचे हात आठवतात.

या पत्राबरोबर माझ्या मुलाच्या हाती शेवग्याची फांदी देते आहे. तुमच्याच दारातल्या झाडाची आहे, परत येते आहे. पावसाळ्याआधी लावा. दादा ताट सरकवेल, म्हणेल, दुष्काळाचं खाणं मला नको, मी शेरडू नाही. तुम्ही आईसारखं काही बोलू नका, ताट परत त्याच्यापुढं ओढा. तरी ऐकलं नाही तर माझं नाव घेऊन एवढं सांगा, आपली आई त्या वर्षी आपल्याला जेवायला घालत होती.