चिवड्याच्या पाकिटातली सुई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

जळगावातल्या आमच्या कॉलनीत पंधरा वर्षांपूर्वी अकरा घरं होती, आता एकशे चौदा आहेत. प्लास्टिकही त्याच मानाने वाढलं. दर रविवारी ते मोकळ्या प्लॉटवर जमा होतं. वजन मी करतो, निवडतात हिराअक्का. धुळ्याकडच्या, साधारण माझ्याच वयाच्या.

त्यांचं निवडणं तुम्ही पाहायला हवं. पिशवी कानाशी न्यायची, चुरगाळायची आणि आवाजावरून सांगायचं — ही प्लास्टिकच्या चटयांच्या कारखान्यात चालेल, ही नाही. एकदा मी त्यांनी निवडलेल्या दोनशे पिशव्या कारखान्यातल्या माणसाकडून तपासून घेतल्या. चुकलेली एकही नव्हती. हातमोजे त्यांना नको असायचे. बोटांना काही कळत नाही म्हणायच्या. माझ्या पिशव्या निवडताना हसायच्या, "भाऊ, तुमना घरमा चिवडा भलता खपस."

तेवढा खपत नव्हता, पाकिटांसाठी आणला जायचा. ती पाकिटं — सांगतो. माझ्या मुलीला सोळाव्या वर्षापासून इन्सुलिन लागतं. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि हे आम्ही बाहेर कळू दिलं नव्हतं. सुया वेगळ्या द्या, असं घरोघर सांगत फिरणारा मी. आणि मीच त्या चिवड्याच्या रिकाम्या पाकिटांत गुंडाळून प्लास्टिकमध्ये टाकत होतो.

एका रविवारी सुई अक्कांच्या अंगठ्यात गेली. त्यांनी ती वर धरली. "कोनी शे ही?"

आम्ही वीसेक जण होतो. मी वजनकाट्याकडे पाहत राहिलो.

डॉक्टर म्हणाले, सुई कुणाची ते कळलं तर त्या माणसाचं रक्त तपासता येईल. नाहीतर अक्कांचंच तपासत राहावं लागेल, सहा महिने. माझ्या मुलीचं रक्त नुकतंच तपासलेलं होतं. कसलाही संसर्ग नव्हता. रिपोर्ट आमच्या कपाटात होता. एक वाक्य पुरलं असतं — नाही का?

सहा महिने म्हणजे सव्वीस रविवार. सव्वीसही रविवार अक्का आल्या. आता हातमोजे घालून, नुसत्या कानावर. घरी त्यांनी ताट वेगळं केलं होतं, अंथरूण वेगळं केलं होतं. तान्ह्या नातीला त्या कडेवर घेत नव्हत्या. हे त्याच मला सांगायच्या, निवडता निवडता — आणि तरी एक पिशवी चुकत नसे. एवढी भीती पोटात असताना माणसाचा कान असा शाबूत कसा राहतो? मी समोर बसून पाहायचो. मला ते अजून उमगलेलं नाही.

शेवटचा रिपोर्ट चांगला आला. त्या दिवशी अक्का आमच्या घरी आल्या. मुलीने पाणी दिलं. ते पिऊन त्या म्हणाल्या, "सुई कोनी व्हती, मालूम नही, भाऊ. जेले रोज टोची लेनं पडस, तेनं बी भलं होवो."

मुलगी रिकामा पेला घेऊन तिथेच उभी होती.

मी म्हटलं, "होवो."