पत्ता नसलेल्या संस्थेला अर्ज

प्रियंकाला राग येतो, हे तिच्या कॉलेजात कुणाला माहीतच नव्हतं. मुलुंडच्या त्या कॉलेजात ती सहा वर्षं गणित शिकवत होती, तीही तासिका तत्त्वावर. दर जूनला नेमणूक नव्याने, विभागप्रमुखांच्या सहीने. अशा नोकरीत माणूस राग गिळायला आपोआप शिकतो.

एका सकाळी तिने वर्गात दोन समीकरणं लिहिली. एकात k हे अक्षर होतं. k दोन असला की असंख्य उत्तरं येतात, हे तिने फळ्यावर दाखवलं आणि तेच कॉम्प्युटरवर गणिताच्या एका सॉफ्टवेअरने सोडवलं. तो म्हणाला, उत्तर एकच.

"मॅडम, चुकलं कोण? तुम्ही की तो?" सिद्धेशने मागच्या बाकावरून विचारलं. वर्ग हसला.

चुकला होता तोच. ते सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, जगभरच्या लोकांनी हौसेने लिहिलेलं, आणि त्याचं पोट उघडून कुणालाही बघता यायचं. प्रियंकाने ते आठवडाभर वाचलं. k वजा दोनने भागताना ते शून्य तर नाही ना, हे बघायचंच राहिलं होतं. पाचवीतल्या पोराचे यासाठी मार्क कापतात! तिने सहा ओळींची दुरुस्ती लिहिली आणि ती तपासायला नऊ उदाहरणंही जोडली.

आता ती ऑनलाइन थेट त्या लोकांना पाठवायची, एवढंच बाकी होतं. आणि इथेच तिने घोळ घातला. तिने अर्ज लिहिला.

हसू नका. तिचे वडील अंबादास जालन्याहून येऊन टेलिफोनच्या केबली जोडत नाहूरला स्थिरावले. त्यांनी पोरीला एकच शिस्त लावली होती: आपल्यावर बोट ठेवायला लोक टपलेले असतात, कागदाशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि कॉलेजचा नियम होता की बाहेरच्या संस्थेशी पत्रव्यवहार विभागप्रमुखांमार्फतच करायचा. म्हणून 'योग्य मार्गाने सादर' असं वर लिहून, दुरुस्तीच्या प्रती जोडून तिने अर्ज विद्याधर सरांच्या ट्रेमध्ये ठेवला.

पंधरा दिवसांनी सरांनी बोलावलं. "ही संस्था नोंदणीकृत आहे का? हिचा पत्ता कुठाय?"

"सर, पत्ता नाहीये. सगळं ऑनलाइन असतं."

"पत्ता नाही, मग जावक क्रमांक कसा पडणार?" सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं, तिथे मोठमोठी डोकी बसलेली असतात. तुझं कशाला घेतील? उगाच विभागाचं हसं नको."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझं म्हणजे कुणाचं? नऊ उदाहरणांतलं एक तरी सरांनी उघडून पाहिलं होतं का? पण जून डोळ्यांपुढे होता. ती "बरं सर" म्हणाली आणि त्या दोन शब्दांसाठी तिने स्वतःला आठवडाभर शिव्या घातल्या.

दोन महिने अर्ज ट्रेमध्येच राहिला. एका दुपारी स्टाफरूममध्ये तिने त्या सॉफ्टवेअरचं पान उघडलं, तर तीच चूक ब्राझीलच्या कुणा पहिल्या वर्षाच्या पोराने नोंदवली होती. दुरुस्तीही पाठवली होती. ना अर्ज, ना सही, ना जावक क्रमांक.

"वाट लागली," ती मोठ्याने म्हणाली. शेजारी पेपर तपासणाऱ्या ऋताने मान वर केली. "काय झालं गं?"

"मी मूर्ख आहे, ते झालं."

तरी तिने त्याची दुरुस्ती वाचली, रागारागाने, कच्च्या विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तशी. समीकरणाच्या उजव्या बाजूला दोनऐवजी तीन ठेवून पाहिलं. आता k दोन असताना एकही उत्तर नसतं, आणि पोराची दुरुस्ती अजूनही असंख्य म्हणत होती. तिची स्वतःची दुरुस्ती बरोबर सांगत होती.

खाली लिहायला जागा होती. तिने 'माननीय महोदय' लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं: "हे चुकतंय. उदाहरण देतेय. माझी दुरुस्ती सोबत आहे." कुणालाही न विचारता पाठवून दिलं.

दोन दिवसांनी ते काम बघणाऱ्या बाईंचं उत्तर आलं. त्यांनी आधी चार ठिकाणी चुका काढल्या, कौतुकाचा एक शब्दही नाही. प्रियंकाने त्या सुधारल्या. त्या पोरानेच लिहिलं की हिची घ्या, हिची बरोबर आहे. आठवड्याने तिच्या सहा ओळी सॉफ्टवेअरमध्ये गेल्या.

बातमी ऋताने फोडली. सरांनी लगेच बोलावलं, यावेळी खुर्ची दिली. नाहूरच्या घरी, कागदाशिवाय पाऊल न टाकणाऱ्या अंबादासांनीच सगळं ऐकून आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं, "जून गेला तर जाऊ दे." त्यामुळे ती बसली नाही.

"झकास केलंस," सर म्हणाले. "आता तिथे विभागाचं नाव घालून घे. आणि मार्गदर्शक म्हणून माझं. आपल्याकडे तशी पद्धतच आहे. नेमणुकीच्या वेळी मलाही बोलता येईल ना."

"सर, तिथे प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव राहतं," प्रियंका म्हणाली. आवाज बाहेरच्या पॅसेजपर्यंत गेला, जाऊ दिला तिने. "सहा ओळी आहेत. यातली तुमची कुठली ते दाखवा, तिच्यापुढे तुमचं नाव घालते."