नसरीनचं समुद्रशेवाळ

नसरीन गेल्याचा फोन आला तेव्हा लोणावळ्याच्या कॉलेजात तास संपवून मी हातावरचा खडू झटकत होते. न्यूमोनिया झाला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं… खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मनात आलं, की आता हिच्या पुढे जाणं कधीच होणार नाही.

आम्ही दोघी मळवलीच्या, भातखाचरांत वाढलेल्या. पुण्यात एकाच सरांकडे पीएच.डी.ला लागलो आणि दोघींच्याही वाट्याला कोकण किनाऱ्यावरचं तपकिरी समुद्रशेवाळ आलं. त्यातल्या फ्युकॉइडन नावाच्या बहुशर्करेची रचना मी शोधायची आणि त्या शर्करेनं रोगप्रतिकारक पेशी जाग्या होतात का, ते नसरीननं पाहायचं. साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी, तिला जागोजागी चिकटलेले सल्फेटचे गट. ते काढून टाकले की साखळी कशी स्वच्छ वाचता यायची. माझे आलेख देखणे यायचे, सर ते सगळ्यांना दाखवायचे. माझाच तो स्वच्छ नमुना वापरूनही नसरीनच्या पेशी मात्र ढिम्म…

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "मला सल्फेटसकट दे."

"गिचमिड आहे गं ते."

"असू दे. पेशींना कुठं वाचायचंय?"

त्या गिचमिड नमुन्यानं पेशी जाग्या झाल्या. तिचा शोधनिबंध गाजला, परदेशातून बोलावणी आली. निबंधावर माझंही नाव होतं, तिच्यानंतर. माझी आईसुद्धा शेजारणींना तिचंच कौतुक सांगायची. मी फोनवर तिचं अभिनंदन करायचे आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलायचे नाही.

मळवलीला तिच्या घरी भेटायला गेले तेव्हा अंगणात बसलेले एक पाहुणे म्हणाले, "प्रतिकारशक्तीवर एवढं काम केलं, पण स्वतःला काही वाचवता आलं नाही." मला राहवलं नाही. म्हटलं, "पेशी कशानं जाग्या होतात, ते शोधत होती ती. औषध सापडलं असं कधीच म्हणाली नाही." मलाच नवल वाटलं, इतकी वर्षं मी तिच्या बाजूनं कुणाशी भांडले नव्हते.

तिच्या आईनं मला आतल्या खोलीत नेलं. खिडकीत शेवाळाची एक वाळकी फांदी दोऱ्यानं टांगली होती. "हवेत वल आली की मऊ पडती," मावशी म्हणाल्या. "घरी आली की आदी हिला हात लावायची, मग चपला काढायची." मीही हात लावला. मऊ होती.

"तुला देऊ का? तूबी त्यातलीच."

हात पुढे झाला होता… मागे घेतला.

"नको मावशी. तिचीच हाय ती."