थरथरतं सिंहासन

गिरजाबाईला राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणत. ते खोटं आहे. कारण नेहमी असायचं, आणि बहुतेक वेळा ते तिच्या पुढ्यात फटफटीचं हँडल धरून बसलेलं असायचं. त्याचं नाव इस्तारी. तिचा नवरा.

ढिवराचं घर. इस्तारी गावच्या तलावात जाळं टाकायचा आणि निघालेली मासळी गिरजा गुरुवारच्या बाजारात विकायची. बाजारात चिंचेखालची जागा तिची. अशा जागेला कागद नसतो. दर बाजारी तुमची प्लास्टिकची पन्नी अंथरलेली दिसली की जागा तुमची. काही बाजार दिसली नाही की मग जिची दिसेल तिची. एवढाच तिथला कायदा.

गेल्या पावसाळ्यात तलावाच्या पायरीवरून गिरजाचा पाय सटकला आणि ती पाठीवर आपटली. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला, वर बजावलं, पाठ टेकल्याशिवाय बसायचं नाही. आता बाजाराला जायचं कसं? बसमध्ये मासळीचं घमेलं चढवलं की बसलेले लोक नाकाला रुमाल लावून भांडायला उठतात. राहिली फटफटी. आणि फटफटीवर मागं टेकायला काय असतं, हवा?

गिरजाच्या बहिणीचा मुलगा प्रफुल घुग्घुसला ट्रकची बॉडी बांधायच्या दुकानात वेल्डिंग करतो. तो म्हणाला, "मावशी, तुले असा बॅकरेस्ट करून देतो का, लोक पाह्यतच राह्यले पायजे."

"लोकाइले दाखवाचं नाई मले. खांद्यापर्यंत कर, मजबूत कर, बस."

पण गाडी घेऊन घुग्घुसला गेला इस्तारी. तो मच्छीमार सोसायटीवर नुकताच निवडून आला होता आणि तेव्हापासून त्याला जिथं तिथं मासा लावायची हौस होती. दारावर मासा, टोपीवर मासा. तिथं प्रफुलजवळ ट्रकच्या अँगलचं जाड लोखंड पडलेलंच होतं. परत आला तेव्हा गाडीच्या मागं गिरजाच्या डोक्याच्याही वर जाणारी लाल रेक्झिनची पाठ उभी होती, आणि तिच्या टोकावर थाळीएवढा लोखंडी मासा. प्रफुल त्याला बॅकरेस्ट म्हणायचा. इस्तारी सिंहासन म्हणायचा. गिरजा पुढं त्याला जे म्हणायची ते लिहिण्यासारखं नाही.

गाव पाहायला लोटलं. फोटो निघाले. माशाशेजारी तोंड करून इस्तारीनं आपलाही काढून घेतला.

गुरुवारी गावाच्या शिवेपर्यंत सगळं ठीक होतं. डांबरी लागली, इस्तारीनं गाडी पळवली, तसं त्या लोखंडात काहीतरी गुणगुणायला लागलं. मग ते थरथरायला लागलं. पाठ थरथरली, मान थरथरली, दातावर दात वाजायला लागले. गिरजा ओरडली, "हळू चालवा!" पण तोंडातून निघालं, "ह-ह-हऊ-हऊ-चा-चा."

"काय म्हणून राह्यली वं? गाणं म्हणतं का?" इस्तारी पुढून हसला.

त्या दिवशी त्या माणसाला मधल्या नाल्यात ढकलायचं तिनं मनात पक्कं केलं होतं. हात गाडी सोडायला तयार नव्हते म्हणून तो वाचला.

बाजारात उतरली तेव्हा बोटांत मुंग्यांचं वारूळ फुटलेलं. चिंचेखाली मंगली आधीच अर्ध्या जागेवर सरकून बसली होती. ती पलीकडच्या गावची, झिंगे विकणारी.

"आली का बाई? मले वाटलं आता काई तू येत नाई. म्हटलं जागा खाली पडून राह्यन, कुत्रे बसन."

"कुत्रे बसलेच हायेत," गिरजा म्हणाली आणि तिनं आपली पन्नी जोरात झटकली.

बोलणं ठणठणीत होतं, पण हात नव्हते. पहिलंच गिऱ्हाईक आलं, मरळ कापायला सांगितली. गिरजानं विळीवर मरळ धरली, पण मूठ वळेना. मरळ सटकली आणि बोट पात्यावर गेलं. मासळीपेक्षा तिचंच रक्त जास्त दिसायला लागलं. गिऱ्हाईक हळूच उठलं आणि मंगलीपुढं जाऊन बसलं. मंगलीनं फक्त तराजू नीट केला. तेच जास्त झोंबलं.

घरी आल्यावर गिरजा जे बोलली ते तीन घरांपलीकडे ऐकू गेलं. इस्तारीनं उपाय सुरू केले. आधी मागं उशी बांधली. उशीसकट पाठ थरथरली. मग नट-बोल्ट आवळले, थरथर वाढली. प्रफुलनं फोनवर सांगितलं, खाली पायाशी रबर टाका. इस्तारीनं टाकला, आणि पान्ह्याला पाइप लावून असा आवळला की रबराचा पापड झाला. दाबून मारलेल्या रबरानं झेलायचं काय?

गिरजाचे दोन बाजार बुडाले. मंगलीनं तराजू आता चिंचेच्या फांदीलाच टांगला, अशी खबर आली. आणि त्याच संध्याकाळी इस्तारीला शहाणपण सुचलं.

"राहू दे ना वं गिरजे. घरीच बस आता. मंगली इकून देईन आपली मासोई."

गिरजा चुलीपुढून उठली. पट्टा धरून, सावकाश, पण उठली.

"गाडी अंगनात घ्या."

"आता?"

"स्टँडवर लावा. चालू करा. पिळा तो कान."

इस्तारीनं एक्सलेटर पिळला. गिरजानं तळहात लोखंडाला लावला. बुडाशी थरथर किरकोळ. मधे जास्त. वर गेली तर हात टिकेना. टोकावरचा मासा इतका हलत होता की एकाचे तीन मासे दिसत होते.

"बंद करा," ती म्हणाली. "तलावात जाळ्याचा खुंटा कोन गाडते?"

"मीच गाडतो."

"त्याच्या टोकाले दगड बांधता का तुमी?"

"पागल झाली का? टोकाले वजन बांधलं त हालन ना तो."

"अन् तसाबी हालला त?"

"त दोन्ही बाजूनं ताण..." इस्तारी थांबला. त्यानं माशाकडं पाहिलं. मासा अजून किंचित हलत होता.

सगळी हयात त्यानं उंच खुंटे गाडले होते. पण ही वस्तू घुग्घुसहून आलेली, लाल रेक्झिनची, जाड लोखंडाची. जाड म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे हलणार नाही, असं सगळेच धरून चालले होते. गिरजाही. स्वतःच्या त्या चुकीचा राग तिला नवऱ्यावरच्या रागाहून जास्त आला, म्हणून तोही तिनं नवऱ्यावरच काढला.

प्रफुलला बोलावलं. तो ग्राइंडर घेऊन आला. मासा कापायचं निघालं तसा इस्तारी गाडीला आडवा उभा राहिला.

"ताण लाव, रबर लाव, उंची कमी कर. माशाले हात लावाचा नाई. सोसायटीची इज्जत हाय ते."

"मावशी, डिझाईन त खरंच चांगली हाय," प्रफुल हळूच बोलला. डिझाईन त्याचीच होती.

"माह्या पाठीसाठी केलं ना हे? का तुमच्या फोटोसाठी?" गिरजाचा आवाज खाली गेला, आणि तो खाली गेला की घरात कुणी थांबत नसे. "दोन बाजार झाले. उद्याच्या बाजारी मी नाई दिसली त जागा गेली. मंग बसा हा मासा इकत. या गाडीवर मासा बसन, नाई त मी बसन."

इस्तारी बाजूला झाला. ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या तेव्हा त्यानं तोंड फिरवलं.

प्रफुलनं पाठ खांद्याबरोबर आणली. तिच्या वरच्या भागापासून खाली पायदानाच्या बोल्टापर्यंत दोन्ही बाजूंनी तिरप्या सळया दिल्या, खुंट्याला ताण देतात तशा. बुडाशी भंगारातल्या यंत्राच्या जाड पट्ट्यातून कापलेले रबर घातले आणि ते जरासे फुगतील इतकेच आवळले. नट ढिला होऊ नये म्हणून त्यावर दुसरा नट. पाइप लावायला आलेल्या इस्तारीच्या हातून गिरजानं पान्हा काढून घेतला.

थरथर सगळी गेली नाही. गाडी म्हटली की ती थोडी राहणारच. पण आता ती पाठीच्या खालीच थांबत होती, दातापर्यंत चढत नव्हती.

गुरुवारी चिंचेखाली मंगली पाय पसरून बसली होती.

"उचल," गिरजा म्हणाली.

"काऊन? तू त आता येत नाई म्हनत होते."

"कोन म्हनत होतं? त्याचं नाव सांग, त्यालेबी पाह्यतो." गिरजानं पन्नी अंथरली, उडू नये म्हणून कोपऱ्यावर वजन ठेवलं. थाळीएवढा लोखंडी मासा. मंगली त्याच्याकडं पाहत राहिली आणि पाहता पाहता फांदीवरचा तराजू काढू लागली. पहिल्या गिऱ्हाइकाची मरळ गिरजानं विळीवर धरली. मूठ वळली. तुकडे सारखे पडले.

परतताना डांबरीवर इस्तारीनं गाडी पळवली. मागून आवाज आला, "समोर पाहा. तोंड काय उतरवून बसले? अन् घरी गेलो का दारावरचाबी मासा काढा, माह्या डोक्याले लागते. अन् त्या दिवशी गाणं म्हनतं का म्हनून हासले होते ना, त्याचं मले बोलाचंच राह्यलं हाय."

इस्तारीनं गाडी आणखी पळवली. त्यानं काही फरक पडला नाही. घरापर्यंतचा एकूण एक शब्द त्याच्या कानात अख्खा पोचला.