अनइंटरेस्टेड आणि डिसइंटरेस्टेड

भूकंपानंतर औशाकडच्या आमच्या गावात एक परदेशी संस्था घरं बांधून द्यायला आली. कुणाचं घर किती पडलं, याची यादी करायचं काम गावानं माझ्या वडिलांवर सोपवलं. ते शाळेत मास्तर, शब्दाला वजन होतं. त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाचं घर ‘थोडं पडलं’च्या रकान्यात लिहिलं.

काका आमच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन ओरडले, “दादा, भावाचं घर दिसंना व्हय तुला? लई मोठा हरिश्चंद्र लागून गेलास!”

“जेवढं पडलं तेवढंच लिहिलं,” वडील म्हणाले.

संस्थेला यादी करणाऱ्याची माहिती इंग्रजीतून हवी होती. मी लातूरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. गावात इंग्रजी येणारा मीच. वडिलांचा यात काडीचा स्वार्थ नाही, हे मला ठासून सांगायचं होतं. इंटरेस्ट म्हणजे हितसंबंध, एवढं ठाऊक होतं. त्याच्या आधी ‘अन’ लावलं आणि लिहिलं, माझे वडील या कामात पूर्णपणे अनइंटरेस्टेड आहेत. खाली झोकात सही ठोकली.

चार दिवसांनी संस्थेनं यादी वडिलांकडून काढून दुसऱ्याला दिली. कारण कुणी सांगितलं नाही. वडिलांनी ते स्वतःच ठरवलं: भावानं चुगली केली. त्या दिवसापासून ते काकांशी बोलले नाहीत. नव्या वसाहतीत दोघांची घरं समोरासमोर आली, तरी नाही.

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं आणि मी इंग्रजीचा सर झालो. नोट्स काढताना शब्दकोश उघडला. ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही, तो डिसइंटरेस्टेड. ज्याला कामात रसच नाही, तो अनइंटरेस्टेड. माझे कान तापले.

काका तेव्हा जिवंत होते. औशाला दर अर्ध्या तासाला बस होती. मी गेलो नाही. इंग्रजीच्या सरानं असली चूक कबूल करायची, याची लाज वाटली. ती जोडी मी फळ्यावर मात्र लिहिली. दीडशे पोरांनी उतरवून घेतली.

“सर, पेपरात येतं का हे?” एका मुलीनं विचारलं.

“हमखास,” मी म्हणालो.

काका गेले. वडील स्वतःच्या दारातूनच तिरडीकडे बघत राहिले, उंबरा ओलांडला नाही. तेरावा झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं.

“म्हणजे त्यानं काही केलंच नव्हतं,” ते म्हणाले.

“नाही.”

“तुला कधी कळलं?”

“आत्ताच,” मी म्हणालो.