अक्काचं अळू आणि कोळशाची राख

नांदेडच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. म्हणजे बाटल्या धुतो, असं आमची मुलं सांगतात. रेणापूरकडं, माझ्या थोरल्या बहिणीच्या म्हणजे अक्काच्या गावात मात्र मी ‘सायंटिस’. ही पदवी मी कधी मागितली नाही, नाकारलीही नाही.

अक्काच्या घरामागं वीटभट्टी आहे. तिथं औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख ट्रकनं येते, पिठासारखी मऊ. गॅस आल्यापासून अक्काकडं चुलीची राख उरली नव्हती, आणि तांब्या-पितळेची भांडी राख अन् चिंचेशिवाय लख्ख निघत नाहीत हे तिचं ठाम मत. “ही राख चालंल का रे?” तिनं विचारलं. मी रुबाबात पिशवीभर राख नांदेडला आणली. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर घालून अठरा तास यंत्रावर हलवली, गाळली, पाणी तपासलं. शिसं, कॅडमियम जवळपास नाहीच. फोनवर सांगितलं, “बिनधास्त घास.” वर पोतंभर राख मीच तिच्या मोरीपाशी आणून टाकली.

मोरीचं पाणी जातं तिथं अक्काचं अळू. पानं सुपाएवढी. गेली दोन वर्षं दर खेपेला मी पिशवीभर आणत आलो. वड्या सगळ्यात जास्त मीच खाल्ल्या.

गेल्या महिन्यात मी चहा पीत बसलो होतो, अक्का समोर हंडा घासत होती. राखेत चिंचेचा गोळा बुडवायचा अन् घासायचं. घोट तोंडातच राहिला. मी राख हलवली होती डिस्टिल्ड पाण्यात. त्या पाण्यानं या गावात कोण भांडी घासतं? आंबट पाण्यात धातू सुटतात, हे पोरांना दरवर्षी मीच सांगतो.

मूठभर राख अन् थोडी चिंच मागून घेतली.

“चिंच कशाला?”

“तपासायला.”

“आरं बायकोला दे, आमटीत घालंल. तपासतो काय!”

तीच बाटली, तेच अठरा तास. या वेळी निकालाच्या कागदावर शिसं होतं, कॅडमियमही होतं. कागद घडी करून खिशात ठेवला आणि उरलेल्या बाटल्या धुतल्या. वाईट वाटायला हवं होतं. भूकसुद्धा नेहमीच्या वेळेला लागली.

रविवारी जाऊन सांगितलं.

“तूच म्हणला होतास ना, काई निघत न्हाई?”

“तवा चिंच घातली नव्हती, अक्का.”

शिव्यांची वाट बघत उभा राहिलो. त्या आल्या नाहीत. “नातीला लई आवडतं अळू,” एवढंच म्हणाली. मग पदर खोचून एकेक गड्डा उपटू लागली. मीही उपटले.

ढीग झाला. “म्हशीला घालू?”

“नको.”

“उकिरड्यावर?”

“नको, ते खत शेतात जातं.”

“मग जाळते.”

“जाळलं तर राखच होईल.”

“मग कुठं टाकू, सायंटिस?”

तो ढीग एका पोत्यात भरला, उरलेली राख दुसऱ्यात, आणि दोन्ही नांदेडला आणली. आता ती प्रयोगशाळेत माझ्या टेबलाखाली आहेत. बसलो की पाय लागतो. पानं वाळली आहेत. त्यांत काय उतरलंय ते बघायचं आहे. अक्का दर दोन दिवसांनी फोन करते, “पानाचं काय झालं?” मी म्हणतो, “यंत्रावर लावतो उद्या.”

बाटली तेवढी रोज धुऊन ठेवतो.